ओ२ चं प्रकरण: तीस डॉलरच्या पार्टमध्ये बसलेला हेडफोन अँप

हेडफोनचा नाद लागला की थोड्याच दिवसात कोणीतरी विचारतंच, हेडफोन मस्त आहे रे पण अँप कुठला लावलायस? झालं. मग अँप (हेडफोनसाठी सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) येतो, अँप आला की डॅक (डिजिटल गाण्यातून सिग्नल काढणारा डबा), डॅक आला की चांदीची केबल, आणि प्रत्येक वेळी सांगणारा सांगतो की अरे आत्ता कुठे तुझा हेडफोन खरा वाजायला लागला. खिशाला चाट बसते ती जास्त करून या मधल्या डब्यांमुळे, हेडफोनमुळे कमीच. आता या डब्यांवर किती पैसे घालावेत याच्यावर वाद घालणारे पैशाला पासरी मिळतील, पण २०११-१२ मध्ये एका माणसाने वाद घालता घालता सरळ ओ२ नावाचा एक अँप डिझाईन करून दाखवला आणि फुकट वाटून टाकला. ते अख्खं प्रकरण इथे लिहून ठेवतोय, कारण आज दहा हजारात हा नाद करू बघणाऱ्याला त्यातलं जेवढं कामाला येतं तेवढं दहा रिव्ह्यू बघूनही येत नाही.

तेव्हा काय चाललं होतं

२०११ च्या आसपास हेडफोन अँपचा बाजार म्हणजे तीन थर होते. खालच्या थरात सीमॉय, म्हणजे चू मॉय नावाच्या माणसाने नव्वदच्या दशकात नेटवर टाकलेलं एक साधं सर्किट, जे लोक पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत ९ व्होल्टची बॅटरी घालून बनवायचे आणि विकायचेसुद्धा. मधल्या थरात शंभर ते चारशे डॉलरचे छोट्या कंपन्यांचे अँप. आणि वरच्या थरात हजार, दोन हजार, पुढे आकाश मोकळं. गंमत अशी की कुठल्याच थरात विकणारा सहसा पूर्ण मोजमाप देत नव्हता. नॉईज किती, डिस्टॉर्शन (सिग्नल बिघडणं) किती, आउटपुट इम्पीडन्स (अँपच्या आउटपुटचा स्वतःचा अडथळा, ओहममध्ये) किती, असं विचारलं की उत्तर मिळायचं की आकड्यांत काय आहे, कानाने ऐका. आणि ऐकलेल्यांचे रिव्ह्यू म्हणजे पडदा उठला, बासमध्ये वजन आलं, गायिका समोर येऊन उभी राहिली वगैरे. वाचायला छान वाटतं, पण दोन वेगळ्या माणसांनी एकाच अँपबद्दल बरोब्बर उलट लिहिलेलं असलं की घेणाऱ्याने करायचं काय?

अशा वेळी फेब्रुवारी २०११ मध्ये एनडब्ल्यू-एव्ही-गाय या टोपणनावाने एक माणूस लिहायला लागला. खरं नाव कधीच सांगितलं नाही. व्यवसायाने इंजिनिअर, हाताशी प्रिझम साउंड कंपनीचा डीस्कोप नावाचा ऑडिओ अनालायझर, जो हौशी माणसाकडे सहसा नसतो कारण त्याच्या किमतीत माणूस गाडी घेईल. हा गडी बाजारातले अँप आणि डॅक एकेक करून त्या मशीनला लावायचा आणि आलेले ग्राफ छापायचा, लांबलचक लेखासकट. काही नावाजलेल्या वस्तू त्यात चांगल्याच उघड्या पडल्या. एखाद्यात दोन चॅनेलचा आवाज कमी व्हॉल्यूमला सारखाच नाही, एखाद्याचा आउटपुट इम्पीडन्स वाटेल तेवढा, एखादा चालू-बंद करताना हेडफोनला डीसीचा (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा) असा झटका देतो की आतल्या, आवाज काढणाऱ्या नाजूक ड्रायव्हरची धडगत नाही.

लोक चिडले. स्वभाव तिखट होता हे मान्यच करायला पाहिजे, समोरच्याला चूक आहेस असं तो फार चवीने सांगायचा, त्यामुळे एका मोठ्या हेडफोन फोरमवरून त्याला हाकललंसुद्धा. आणि मग ठरलेला टोमणा आला की दुसऱ्यांचं मोजत बसणं सोपं आहे, एवढं कळतं तर स्वतः बनवून दाखव.

त्याने काय बनवलं

२०११ च्या मध्यात ऑब्जेक्टिव्ह २ म्हणजेच ओ२ चं डिझाईन बाहेर आलं. सर्किट, पीसीबीची (सर्किट बोर्डची) फाईल, पार्टची यादी, कुठला पार्ट का निवडला याची कारणं आणि मोजमापं, सगळं उघडं. पार्टचा खर्च साधारण तीस डॉलर, त्यावर पीसीबी आणि डबा. सगळे पार्ट पायवाले, भोकातून घालून सोल्डर मारायचे, म्हणजे ज्याने कॉलेजात दोनचार प्रोजेक्ट केलेत त्याला जमेल असे.

आतल्या गोष्टी थोडं थांबून सांगतो कारण खरी मजा तिथे आहे. गेनसाठी (सिग्नल मोठा करायला) एनजेएम २०६८ नावाचा ओपअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी छोटी चिप, आणि हेडफोन ओढायला एनजेएम ४५५६ चे दोन नग. हे एका डॉलरच्याही खालचे, कोणी ढुंकून बघत नव्हतं असे ओपअँप. त्या वेळी फॅशन होती महागडे ओपअँप सॉकेटमध्ये बदलून बदलून बघायची, अजूनही आहे, आणि प्रत्येक बदलाला लोकांना वेगळा आवाज ऐकू यायचा. याने बरेच ओपअँप त्याच सर्किटमध्ये घालून मोजले आणि या कामाला हेच स्वस्तातले बरे ठरतात हे दाखवलं. ४५५६ निवडायचं कारण सरळ होतं, तो करंट भरपूर देतो आणि हेडफोनला तेच लागतं.

दुसरं, व्हॉल्यूमचा पॉट (नॉबमागचा पार्ट) त्याने गेनच्या आधी न ठेवता नंतर ठेवला. बहुतेक अँपमध्ये पॉट आधी असतो, त्यामुळे आवाज कमी केला तरी गेन स्टेजचा नॉईज तसाच पुढे जातो आणि सेन्सिटिव्ह इअरफोनमध्ये सुं सुं ऐकू येते. पॉट नंतर ठेवला की आवाजासोबत तो नॉईजही कमी होतो. याची किंमतही आहे, गेन जास्त आणि सोर्स तगडा असेल तर पहिलीच स्टेज क्लिप होते (सिग्नलची टोकं कापली जातात) आणि पॉट कितीही खाली आणला तरी ते फाटलेलंच ऐकू येणार, म्हणून गेनचं बटण दिलंय, साधारण अडीच पट आणि साडेसहा पट. बहुतेकांनी अडीचवरच ठेवायचं.

तिसरं म्हणजे बॅटरीचं. ९ व्होल्टच्या दोन रिचार्जेबल बॅटऱ्या, त्यातली एक आधी उतरली की अँप एका बाजूला कलतो आणि हेडफोनमध्ये डीसी जाऊ शकतो. यासाठी त्याने एक छोटं सर्किट घातलं जे एक बॅटरी पडली की दोन्ही बाजू बंद करतं. ऐकताना याचा शून्य उपयोग, रिव्ह्यूमध्ये याच्याबद्दल कोणी ओळ लिहिणार नाही, पण माझ्या मते पूर्ण डिझाईनमधली सगळ्यात समंजस जागा हीच आहे. पुढे यावर परत येतोच.

लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्सचं, कोणीही बनवा, कोणीही विका, नाव द्या, फक्त डिझाईनमध्ये फेरफार करायचे नाहीत. त्याने स्वतः त्यातून पैसे घेतले नाहीत. जेडीएस लॅब्स, मेफ्लॉवर, इंग्लंडातली एपिफनी अशा छोट्या कंपन्यांनी तयार ओ२ विकायला काढले, दीडशे डॉलरच्या आतबाहेर.

मग तुलना कशाशी

नुसते ग्राफ दाखवून लोक ऐकणार नाहीत हे त्यालाही माहीत होतं. त्याच्याकडे बेंचमार्क डॅक१ प्री होता, सोळाशे डॉलरच्या आसपासचा, स्टुडिओत वापरतात तो. त्याच्या हेडफोन जॅकशी ओ२ ची ब्लाइंड टेस्ट केली, म्हणजे कुठला चालू आहे ते ऐकणाऱ्याला न कळू देता, दोघांचे आवाज काटेकोर सारखे करून, आणि ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही.

आवाज सारखे करून, हे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. माणसाच्या कानाला अर्धा-एक डेसिबल जास्त असलेला आवाज मोठा वाटत नाही, तो चांगला वाटतो. जास्त स्पष्ट, जास्त भरलेला, पडदा उठल्यासारखा. एक डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये १२ टक्के फरक, नॉब किंचित हलला तरी होतो. दुकानात किंवा मित्राकडे दोन अँप बदलून ऐकताना हे कोण जुळवतं? कोणीच नाही. शिवाय कुठला डबा चालू आहे आणि त्याची किंमत काय हे डोळ्यांना दिसत असतं, म्हणजे निकाल आधीच लागलेला.

घरी करायचं तर अवघड काही नाही. साधा मल्टिमीटर घ्यायचा, फोनवर १०० हर्ट्झचा टोन लावायचा (साधे मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला गंडतात म्हणून इतका खालचा), हेडफोन जोडलेला असतानाच आउटपुटवर एसी व्होल्ट बघायचे आणि दुसऱ्या अँपचा नॉब तेवढ्यावरच आणायचा. ०.१ डेसिबल म्हणजे साधारण १.२ टक्के, तेवढं जुळलं की पुरे. मग घरातल्या कोणालातरी तुम्हाला न दिसेल अशा बाजूला बसवून अदलाबदल करायला लावायची, नाणं उडवून. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलं तर नशिबाने तसं व्हायची शक्यता चार टक्क्यांच्या खाली, म्हणजे बहुतेक खरंच ऐकू येतंय. १६ पैकी ९ आले तर ते नाणंच उडवल्यासारखं. घरच्यांची कुरकुर होईल, पण पुढचे वीस हजार वाचले तर त्यातून त्यांना जेवायला नेता येईल.

ज्या फरकाला अर्थ आहे तो

या प्रकरणातून लोकांनी एक चुकीची गोष्ट उचलली, की सगळे अँप सारखेच वाजतात. असं तो म्हणाला नव्हता. त्याचं म्हणणं होतं की नीट डिझाईन केलेले दोन अँप त्यांच्या ताकदीच्या मर्यादेत सारखे वाजतात, आणि जे नीट डिझाईन केलेले नाहीत ते का वेगळे वाजतात ते मोजून सांगता येतं. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यामुळेच मला हे प्रकरण आवडतं.

आउटपुट इम्पीडन्सचंच घ्या. सेनहायझर एचडी ६०० वर ३०० ओहम लिहिलेलं असतं पण तो काही सरळ ३०० नसतो, बासच्या भागात शंभर हर्ट्झच्या आसपास तो पाचशेच्या वर चढतो. आता जुन्या होम थिएटर रिसीव्हरच्या हेडफोन जॅकला १२० ओहम किंवा जास्तच असतात, ते हेडफोनच्या रांगेत येतात आणि व्होल्टेज वाटलं जातं. ३०० ओहमच्या जागी हेडफोनला ७१ टक्के मिळतं, ५५० च्या जागी ८२ टक्के. म्हणजे बास सव्वा डेसिबलने वर. ऐकणारा म्हणतो काय उबदार आवाज आहे, ट्यूब अँपवाल्यांची बरीचशी ऊब यातूनच येते. हा फरक खरा आहे, कल्पनेतला नाही, पण तो शंभर रुपयांच्या रेझिस्टरने किंवा फोनमधल्या फुकट इक्वलायझरनेही आणता येतो. ओ२ चा आउटपुट इम्पीडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास होता. त्याने लोकांत रुजवलेला नियम असा, अँपचा इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत हवा. १६ ओहमच्या इअरफोनला २ च्या आत, ३२ ला ४ च्या आत, ३०० ला ३७ चालतील. एवढा एक भागाकार पाठ केला तरी निम्मी खरेदी टळते.

दुसरा खरा फरक ताकदीचा. इथेही हाइप भरपूर, तीनशे ओहम म्हटलं की लोक घाबरतात. एचडी ६०० एका व्होल्टला निदान ९७ डेसिबल देतो. ९७ म्हणजे किती हे कळायला रस्त्यावरचा डीजे आठवायची गरज नाही, ८५ डेसिबलवर रोज आठ तास म्हणजे कानाला धोका धरतात. ॲपलचा नऊ डॉलरचा टाइप-सी डाँगल (फोनला लावून हेडफोन जोडायचा इवलासा डॅक-अँप) साधारण एक व्होल्ट देतो. म्हणजे हिंदी-मराठी गाणी, पॉप, रॉक, पॉडकास्ट यांना तो डाँगल पुरून उरतो. फार हळू रेकॉर्ड केलेलं पाश्चात्त्य क्लासिकल किंवा ख्यालाचं जुनं रेकॉर्डिंग, जिथे आलाप अगदी खालच्या आवाजात आहे, तिथे थोडं जास्त हवंसं वाटू शकतं. दोन गोष्टी मात्र बघून घ्या, युरोपात विकला जाणारा ॲपल डाँगल अर्ध्याच व्होल्टचा असतो, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो पूर्ण आवाज देतच नाही. त्यावर आवाज कमी आला की लोक लगेच अँप कमी पडतोय म्हणतात आणि खरेदीला निघतात.

ओ२ भिंतीतल्या पॉवरवर सातेक व्होल्ट द्यायचा, म्हणजे जवळजवळ सगळ्या हेडफोनना भरपूर. हायफायमॅन एचई-६ सारखे काही अडेलतट्टू प्लेनर (सपाट पडद्याच्या ड्रायव्हरचे हेडफोन) होते ज्यांना लोक चक्क स्पीकरचे अँप लावायचे, पण ते असतात किती जणांकडे.

पुढे काय झालं, आणि हाइपने कपडे कसे बदलले

मे २०१२ मध्ये जोडीला ओडॅक आला, यूएसबीवर चालणारा डॅक. यातले पार्ट इतके बारीक की घरी सोल्डर करणं कठीण, म्हणून तयार बोर्डच विकला गेला. त्याच मे महिन्यात त्याचा शेवटचा लेख आला, जुलैपर्यंत उत्तरं येत होती, आणि मग माणूस गायब. टेबलावर ठेवायचा मोठा अँप येणार म्हणून सांगितलं होतं तो कधीच आला नाही. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कंपन्यांच्या मेललाही उत्तर नाही. २०१४ मध्ये आयट्रिपलई स्पेक्ट्रम या इंजिनिअरिंगच्या मासिकाने त्याच्यावर लेख छापला, तरी काही पत्ता लागला नाही.

बाजारावर परिणाम झाला का? झाला. शंभर डॉलरमध्ये नीट मोजलेला अँप मिळणं पुढे नेहमीचं झालं, शिट (Schiit) कंपनीचा मॅग्नी २०१२ च्या शेवटी ९९ डॉलरला आला, ओ२ विकणाऱ्या जेडीएस लॅब्सनेच २०१८ मध्ये ९९ ला ॲटम काढला. आकडे छापणं ही लाजिरवाणी गोष्ट राहिली नाही, उलट न छापणारेच संशयित ठरायला लागले.

पण मग आकड्यांचीच हाइप सुरू झाली, आणि हे त्या माणसाच्या मूळ म्हणण्याच्या बरोब्बर उलटं होतं. तो म्हणत होता की कानाची मर्यादा इथे संपते, तिथपर्यंत पोचलात की थांबा. लोकांनी थांबा हा शब्द गाळून टाकला. नॉईज आणि डिस्टॉर्शन मिळून एक आकडा काढतात, सिनॅड म्हणतात त्याला, त्याची रँकिंग सुरू झाली, मग ११० वाला अँप विकून ११५ वाला घ्या, तो विकून १२० वाला. सीडीची स्वतःची रेंज ९६-९८ डेसिबल. रात्रीच्या शांत खोलीतसुद्धा पंखा सोडून तीसेक डेसिबलचा गोंगाट असतो. त्यात ११५ आणि १२० मधला फरक ऐकणारा कान अजून जन्माला यायचाय, पण यादीत आपला अँप वरच्या पट्ट्यात आहे याचं समाधान असतंच की. पूर्वी लोक विशेषणं विकत घ्यायचे, आता दशांश घेतात, खर्च तोच.

आणि इथे ती बॅटरीवाली गोष्ट. २०२० मध्ये एका कंपनीचा स्वस्त अँप आला, मोजमापात जवळपास यादीच्या टोकाला, सगळ्यांनी डोक्यावर घेतला. काही महिन्यांत तक्रारी यायला लागल्या की सुरुवातीच्या नगांमध्ये अंगावरच्या स्टॅटिक विजेने सर्किट मरतं आणि डीसी सरळ हेडफोनमध्ये जातं, काहींचे हेडफोन जळालेसुद्धा. कंपनीने चूक मानली, बदलूनही दिले. पण सिनॅडच्या आकड्यात हे कुठेच दिसत नव्हतं. नऊ वर्षं आधीच्या तीस डॉलरच्या पार्टवाल्या डिझाईनमध्ये नेमकी याच प्रकारची काळजी घेतलेली होती.

पैसा मग कुठे घालायचा

हेडफोनमध्ये किंवा इअरफोनमध्ये. आवाजातला फरक दहा-दहा डेसिबलचा असतो तो तिथे, एका हेडफोनचा ट्रेबल दुसऱ्यापेक्षा सहज सात-आठ डेसिबल वरखाली असतो, अँपचा फरक त्याच्यापुढे नगण्य. पण महाग म्हणजे चांगला असंही नाही. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने अमेरिकन अकूस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये २८३ हेडफोनची मोजमापं मांडली, किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (बास-ट्रेबल कुठे किती वाजतं ते) यांचा काही संबंध सापडला नाही. आपल्याकडे दोन हजारांच्या आसपास मिळणारे मूनड्रॉप चू किंवा सेव्हन हर्ट्झ झिरोसारखे वायरचे इअरफोन हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण आहे.

दहा हजार असतील तर मी सात-आठ हेडफोनवर घालीन, हजारभर डाँगलवर, आणि उरलेले ठेवून देईन कारण पॅड झिजतात आणि वर्षा-दोन वर्षांनी नवे घ्यावे लागतात, याचा हिशोब कोणीच धरत नाही. विंडोज कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ फुकट, अँड्रॉइडवर वेव्हलेट, आणि शेकडो हेडफोनची तयार सेटिंग ऑटोइक्यू या प्रोजेक्टमध्ये फुकट. दीड डेसिबल बास हवा तर तिथे स्लायडर ओढा, त्यासाठी ट्यूब अँप कशाला. केबलबद्दल लिहीतच नाही, तुटली नसेल आणि शर्टवर घासून खरखरत नसेल तर ती चांगली केबल.

आणि ओ२? आज घ्यावा का?

तयार घेऊ नका. हा प्रश्न अजून लोक विचारतात, काहीजण तर भक्तिभावाने. डबा बोजड आहे, सगळे जॅक पुढच्या बाजूला, अगदी पॉवरचासुद्धा, त्यामुळे टेबलावर वायरींचा गुंता समोरच लोंबतो, आणि मूळ बोर्डवर ३.५ एमएमचाच सॉकेट. बोर्डचं डिझाईन बदलून हे जॅक मागे न्यायचे म्हटलं तरी लायसन्सप्रमाणे फेरफार चालत नाही आणि परवानगी द्यायला तो माणूसच नाही. विकणाऱ्यांनाही याचाच त्रास झाला, आणि मग त्यांनी स्वतःची वेगळी डिझाईन काढली. हजार रुपयांच्या डाँगलने तुमचा हेडफोन पुरेसा वाजत असेल तर त्या डाँगलच्या पुढे ओ२ तुम्हाला ऐकू येईल असं काही देणार नाही, हे त्याच्याच पद्धतीने तपासून बघा.

सोल्डरिंग शिकायचंय, स्वतःच्या हाताने बनवलेल्या वस्तूवर गाणं ऐकायचंय, तर मात्र जरूर बनवा, फायली अजून मिळतात. फक्त एक, याला अडॅप्टर एसी आउटपुटचा लागतो, १२ ते २० व्होल्ट एसी. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला नुसता बारा व्होल्टचा अडॅप्टर मागितला की डीसीच हातात ठेवतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवाला, एसी निघणारा, असं दोनदा सांगा आणि घेण्याआधी तिथेच मीटरने बघून घ्या.